रेघेतलं टेंगूळ

नौदलाची गोदी बंद पडली तेव्हा तिथे आधी उंदीर आले, मग फोटो काढणारे आले आणि सगळ्यात शेवटी बिल्डर आला. बिल्डर वाईट माणूस होता असं नाही. त्याला समुद्राकाठी उंच इमारती बांधायच्या होत्या आणि मध्ये जुन्या इमारती उभ्या होत्या, एवढंच त्याचं दुखणं. पंपघर, दोरखाना, लोहारशाळा यांतलं काही ठेवायचं आणि बाकीचं पाडायचं असं ठरलं होतं. काय ठेवायचं यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. त्या भांडणात जुन्या इमारतींच्या बाजूने जी आर्किटेक्ट घसा कोरडा करत होती, ती तिथल्याच एका म्हाताऱ्याची सून होती.

म्हातारा गोदीत आखणीमास्तर होता. आखणीघर म्हणजे लाकडाच्या वखारीवरचा लांबलचक माळा. मध्ये एकही खांब नाही, खाली काळा रंग दिलेली लाकडी जमीन. जहाज बांधण्याआधी ते या जमिनीवर आखलं जाई, जेवढं असायचं तेवढंच, पुऱ्या मापात. रेघा चाकूच्या टोकाने कोरायच्या, त्यांवरून लाकडी साचे करायचे, साच्यांवरून पोलाद कापायचं. रेघ चुकली की जहाज चुकलं. जहाज पाण्यात गेलं की जमिनीला पुन्हा काळा रंग आणि पुढचं जहाज. शेवटची आखणी एका गस्तनौकेची होती. ती पुरी झाली आणि वरून हुकूम आला की जहाज रद्द, पाठोपाठ गोदीही रद्द. त्यामुळे कधीच न बांधलेल्या त्या नौकेच्या रेघा तशाच राहिल्या.

त्या रेघा होत्या म्हणून आखणीघर होतं. नाहीतर ती विटांची साधी वखार, तिच्याकडे ढुंकून कोण बघणार? वारसा समितीने स्पष्टच सांगितलं होतं, जमिनीवरची मूळ आखणी शाबूत असेल तर इमारत राहील, नसेल तर बिल्डरने तिथे गाड्या उभ्या करायची सोय करावी.

आणि समितीच्या भेटीला महिना उरला असताना त्या रेघा गेल्या. बिल्डरने काही केलं असतं तर निदान शिव्या घालायला कोणी तरी मिळालं असतं. दोष तिचाच होता. सडलेल्या फळ्या बदलायला तिने एक कंत्राटदार लावला होता. भला माणूस, कामाला वाघ. त्याला फळ्या दाखवल्या, खिळे दाखवले, पण ते ओरखडे म्हणजे काय हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. ज्या गोष्टीसाठी आपण इतकी वर्षं भांडतोय ती सगळ्या जगाला ठाऊक असणार, असं तिने धरून ठेवलं होतं. ती दिवसभर सुक्या गोदीच्या भिंतीवरून वाद घालून माळ्यावर आली, तर जमीन आरशासारखी लख्ख. कंत्राटदार घासायच्या मशिनशेजारी घाम पुसत उभा.

"याचं बिल लावत नाही मॅडम," तो म्हणाला. "इतके ओरखडे पडले होते, बघवेना. माझ्यातर्फे समजा."

तिने कपाळाला हात लावला नाही की आरडाओरडाही केला नाही. ती तिथेच खाली बसली. कंत्राटदाराला वाटलं मॅडमना भरून आलं.

घरी आली तेव्हा सासरे खिडकीशी बसलेले. त्यांना ती बाबा म्हणायची. सासूबाई गेल्यापासून ते तिथेच बसत. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पण बसत. पेपर वाचणंही सोडलं होतं. का म्हणून विचारलं तर, "हल्ली छपाईच भिकार असते." तिने बॅगही खाली ठेवली नाही, उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"सगळ्या गेल्या?" त्यांनी विचारलं.

"एक कोपरा राहिलाय. तिथे रंगाचे डबे रचून ठेवले होते."

"मशिनने घासल्या?"

"हो."

बाबा उठले, आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मग काही दिवस त्यांनी तिच्याशी अबोला धरला. एकाच टेबलावर बसून ते मुलाला म्हणत, "तिला सांग मीठ इकडे सरकव," आणि मीठ तिच्या कोपरापाशी असे. तिचा नवरा बँकेत होता, दिवसभर लोकांची कटकट ऐकून आलेला. तो बिचारा मीठ सरकवायचा. तिला मात्र घास उतरत नव्हता. हे आखणीघर पडलं तर ते आपल्या हाताने पडणार, हा एकच विचार तिला आतून पोखरत होता.

मग एका सकाळी बाबा कपडे करून तयार.

"चल," ते तिला म्हणाले. "लांब पट्टी लागेल. बिनगाठीच्या लाकडाची, लवचीक. खिळे आणि एक हातोडी. चाकू माझा आहे."

ती म्हणाली, "बाबा, पुन्हा काढायच्या? हे खोटं होईल."

"कोणाचं खोटं? जमीन तीच, जहाज तेच, हात तोच. मधे थोडा वेळ गेला, एवढंच. कोपऱ्यात रेघांची टोकं राहिलीत ना? आणि समितीसाठी तू काढलेले ते फोटो आहेतच. टोक सापडलं की बाकीची रेघ मी ओढून आणतो."

"पकडले गेलात तर हिची नोकरी जाईल," नवरा म्हणाला. "आणि बाबा, तुमची अब्रू."

"अब्रू माझी आहे, तिचं मी बघीन. तू तुझी बँक बघ."

खरं तर याच बाईने एकदा एका सहकाऱ्याला कामावरून घालवलं होतं, नवा दगड जुना म्हणून खपवला म्हणून. नव्याला नवं म्हणावं, जुन्याला जुनं, हे ती कॉलेजात जाऊन पोरांना शिकवायची. तिला हे सगळं आठवलं. आठवूनही ती हातोडी आणायला गेली. माणूस तत्त्वं पाळतो ती बहुतेक दुसऱ्यांच्या बाबतीत, आणि ती काही जगावेगळी नव्हती.

कंत्राटदाराला खरं काय ते कळल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने स्वतःहून, तो एक कोपरा सोडून, जमिनीला काळा रंग दिला, तोंडातून शब्द काढणार नाही म्हणून वचन दिलं आणि त्या बाजूला फिरकायचंच सोडलं. माळ्याची किल्ली तिच्याकडे होती. सकाळी दोघं जायची, उजेड उतरला की परत यायची.

आखणीचं काम दोघांचं असतं, हे तिला पुस्तकात वाचून माहीत होतं. करताना ते वेगळंच निघालं. पट्टी जमिनीवर उभी धरायची, दोन्ही बाजूंनी खिळे ठोकून तिला वळणावर आणायची. मास्तर पोटावर झोपणार, गाल जमिनीला टेकवणार, एक डोळा मिटून पट्टीच्या लांबीवरून बघणार. खिळ्याशी बसलेल्याने तो सांगेल तसं करायचं.

"सोड," बाबा म्हणायचे. ती खिळा उपटायची. पट्टी आपली आपण जराशी सरकायची.

"सरकू दे. तिला कुठे जायचंय ते तिला कळतं. आता पुढचा दाब. हं. हं. बसली."

बसली म्हणजे संपलं. मग मोजपट्टी काही म्हणो, त्यावर अपील नाही. बाबा चाकू घेऊन पट्टीच्या कडेने एका दमात रेघ कोरायचे. त्या कोरलेल्या खाचेत ती कोळशाची पूड आणि चहाचं पाणी चोळायची, वरून चपलांच्या टाचा घासायची, म्हणजे रेघ जुनी दिसे. हे करताना तिला स्वतःची लाज वाटायची. आणि खोटं कशाला बोला, मजाही यायची.

कारण बाबा बदलले होते. ते शीळ वाजवत जिने चढायचे. न सांगता जाऊन केस कापून आले, इस्त्रीचा शर्ट मागायला लागले. जेवायच्या सुट्टीत जमिनीवर पाय पसरून गोदीतल्या गोष्टी सांगायचे. रंगारी आणि लोहार यांचं भांडण, साहेबाच्या टोपीत अंडी घालणारी कोंबडी. हसता हसता त्यांना ठसका लागायचा. लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. "तुझा नवरा कधी वर आला नाही बघ," ते एकदा म्हणाले. "त्याला धूळ चालायची नाही. तू आलीस." तिने मान खाली घालून डब्याचं झाकण लावलं. तिला रडू येत होतं.

नौकेच्या पोटाची मोठी वक्र रेघ त्यांनी शेवटी घेतली. सगळ्यात लांब, सगळ्यात अवघड. बाबा बराच वेळ जमिनीला गाल लावून पडून होते. सोड, दाब, सोड, दाब. मग म्हणाले, "बसली."

ती उठून बाजूला झाली, आणि मधल्या फासळीच्या जागी तिला ते दिसलं. रेघ तिथे बाहेर फुगली होती. फार नाही, बोटभर. डोकं आपटल्यावर टेंगूळ येतं तसं.

"बाबा, इथे जरा पुन्हा बघता?"

ते पुन्हा आडवे झाले. आधी एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्याने. "बसली म्हटलं ना. तुला उभं राहून काय कळणार?"

तिला वाटलं, आपण नवशिक्या, आपलंच चुकत असेल. तेवढ्यात चाकू फिरला. बाबा हात धुवायला खाली गेले तेव्हा तिने बॅगेतून जुने फोटो काढून रेघेशी ताडून पाहिले. मूळ रेघेत तिथे काही नव्हतं, पाण्यासारखी अलगद वळून निघून गेली होती. मग एकेक गोष्ट तिच्या डोक्यात जुळत गेली. भिकार छपाई. जिना उतरताना कठड्यावरून न सुटणारा हात. शेजाऱ्याला भलत्याच नावाने मारलेली हाक. तिने फोटो परत बॅगेत टाकले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. रंगाचा एक हात मारून ती रेघ पुन्हा काढता आली असती, वेळ होता. पण बाबा शीळ वाजवत वर आले, आणि तिच्याने बोलवेना.

घरी नवऱ्याला तिने बाजूला घेऊन सांगितलं.

"मग सांग त्यांना," तो म्हणाला.

"तू सांग. तुझे वडील आहेत."

तो नखं बघायला लागला. "बोटभरच ना? कोणाच्या लक्षात येणारे?" तो म्हणाला, आणि दोघांनाही ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

समिती आली ती दुपारी, लख्ख उजेडात. समितीच्या अध्यक्षबाई होत्या, जहाजबांधणीचे एक निवृत्त प्राध्यापक होते, बिल्डरचा मॅनेजर होता आणि फोनवर बोलत फिरणारी दोनचार माणसं. बाबा इस्त्रीच्या शर्टात दाराशी उभे. ही आखणी याच मास्तरांनी केलेली, अशी तिने ओळख करून दिली. त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. अध्यक्षबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. रेघा बघून त्या खुलल्याच. "अख्खं जहाज!" त्या म्हणाल्या. मॅनेजरचा चेहरा पडला होता. तिच्या जिवात जीव आला.

प्राध्यापक मात्र पोटाच्या रेघेपाशी गेले, बूट काढले, कोट काढून घडी घालून ठेवला आणि सगळ्यांदेखत पोटावर झोपले. गाल जमिनीला टेकवला. उठताना त्यांना मॅनेजरने हात दिला.

"ही रेघ बसलेली नाही," प्राध्यापक म्हणाले. "इथे फुगलीय. नौदलाच्या गोदीत असलं काम कोणी पुढे जाऊ दिलं नसतं. मला वाईट वाटतं बोलायला, पण मास्तरांच्या हातची ही रेघ असेल असं मला वाटत नाही. मागाहून कोणीतरी काढलेली असावी."

"म्हणजे बनावट," मॅनेजर म्हणाला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याचा आवाज निघाला.

अध्यक्षबाई तिच्याकडे वळल्या. "तुम्ही काय म्हणता?"

सांगून टाकावं, तिने ठरवलं. नोकरी जाऊ दे, माळा जाऊ दे, पण आता बस. तिने तोंड उघडलंही.

"माझीच आहे ती रेघ," बाबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचा, खणखणीत.

"तेव्हाचीच आहे. तेव्हाच फुगली होती. खिळ्यावरचा माणूस म्हणाला मास्तर पुन्हा बघा, मी नाही बघितलं. मग जहाजच रद्द झालं, म्हणून निभावलं. नाहीतर पोलाद फुकट गेलं असतं." ते थांबले, आणि एवढ्याने भागायचं नाही असं त्यांना वाटलं असावं. "मी कामात कच्चाच होतो साहेब. वशिल्याने चिकटलो होतो. बाकीचे सांभाळून घ्यायचे. इथे चांगले हात पुष्कळ होते, मी त्यातला नव्हे."

ज्या माणसाने मीठ मागायला आठवडाभर मान वाकवली नव्हती, तो चारचौघांत हे बोलत होता. ती त्यांच्याकडे बघू शकली नाही. तिने जमिनीकडे पाहिलं, तर तिथे तीच रेघ.

प्राध्यापक ओशाळले. स्वतःबद्दल असं खोटं कोण कशाला बोलेल? त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं कधीकधी," ते म्हणाले. "मी उगाच शंका घेतली. माफ करा मास्तर." मॅनेजरने फोन खिशात टाकला. अध्यक्षबाईंचे तर डोळे पाणावले. "मी तर म्हणते ही चूक अशीच ठेवा," त्या म्हणाल्या. "वर काच घाला. लोकांना हेच आवडतं, माणसाच्या हाताची चूक. शेजारी पाटी लावू, मास्तरांचं नाव घालून. तुमची हरकत नाही ना?"

"पाटीवर नाव नको," ती घाईघाईने म्हणाली. "नावाची काय गरज आहे?"

"लावा नाव," बाबा म्हणाले. "माझंच लावा. नाव नसलं तर लोक म्हणतील आखणीघराचं कामच असं होतं. त्यात बाकीच्यांचा काय दोष?"

आखणीघर वाचलं. कागदावर सही तिथल्या तिथे झाली. मंडळी खाली उतरली, गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले आणि माळ्यावर ही दोघंच राहिली. बाबांनी चपला काढल्या. एका हाताने जमीन चाचपत ते खाली झाले, पोटावर झोपले, गाल टेकवला. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्याने. खूप वेळ बघितलं.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

ती त्यांच्याशेजारी बसली. त्यांचं बोट हातात धरून तिने रेघेच्या खाचेत ठेवलं. बोट खाचेतून सरकत गेलं, मधल्या फासळीपाशी थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं.

"हं," ते म्हणाले. "आहे. चांगलंच आहे." मग जरा वेळाने, "तुला कधी दिसलं?"

"त्याच दिवशी."

"आणि तुझ्या नवऱ्याला?"

"त्याला मी सांगितलं होतं."

बाबा उठून बसले. त्यांनी शर्टाला लागलेली धूळ झटकली, ती नीट झटकली गेली नाही. "चूक झाली ती झाली," ते म्हणाले. "हाताची चूक मी सोसली असती गं, पुन्हा काढली असती. तुम्ही दोघं ठरवून गप्प बसलात. मी मजेत काम करतोय, करू दे म्हाताऱ्याला. ते लागलं मला. फार लागलं."

ती रडायला लागली. चुकलं माझं, असं म्हणाली, दोनतीनदा म्हणाली. बाबांनी तिला गप्प केलं नाही की तिच्यावर रागावलेही नाहीत. तिच्या खांद्याचा आधार घेऊन ते उभे राहिले आणि पायाने चपला शोधल्या. डावी उजव्यात जात होती, तिने सरळ करून दिली.

"आज जे मी बोललो, ते घरी त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. "कच्चा होतो, वशिल्याचा होतो, ते. मुलगा आहे माझा. नाही ना सांगणार?"

तिने मान हलवली. बाबा तिच्याकडे तोंड करून उभेच राहिले, उत्तराची वाट बघत. मग तिच्या लक्षात आलं.

"नाही सांगणार, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.